बाउन्स झालेला ई-मेल: नकाराचा निरोप कसा वाचावा आणि अडलेली वाट कशी मोकळी करावी

एप्रिल उजाडला की देवगड-रत्नागिरीच्या आंबा बागायतदारांची दरपत्रके मुंबई-पुण्याच्या जुन्या गिऱ्हाइकांकडे जाऊ लागतात, आणि मे महिन्याच्या सुट्टीसाठी गुहागर, दिवेआगर, तारकर्ली येथील होम-स्टेवाल्यांना आरक्षण पक्के झाल्याचे मेल पाठवावे लागतात. नेमक्या याच दिवसांत ‘मेलर-डीमन’ असे विचित्र नाव असलेल्या प्रेषकाकडून, आपला मेल पोचला नाही असे सांगणारा, आकड्यांनी भरलेला इंग्रजी निरोप येतो; यालाच ‘बाउन्स’ म्हणतात. बहुतेक जण तो अर्धवट पाहून पुसून टाकतात, तोच मेल पुन्हा पाठवतात आणि पुन्हा नकार आला की ‘त्यांचा सर्व्हर बंद असेल’ असे म्हणून व्हॉट्सॲपकडे वळतात. तसाच मेल पुन्हा पाठवण्याने काम होत नाहीच. काही प्रकारांत तर पाठवणाऱ्याची पत आणखी घसरते.

वास्तविक त्या निरोपात नकार कोणी दिला, संभाषणाच्या कोणत्या टप्प्यावर दिला आणि कारण कोणते सांगितले, या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात. त्यांपैकी ‘कोणी’ हा प्रश्न सर्वांत आधी सोडवायचा असतो आणि नेमका तोच कोणी विचारत नाही. नकार आपल्याच मेल सेवेने दिला असेल तर समोरच्या व्यापाऱ्याला फोन करून उपयोग नाही, आणि समोरच्या सर्व्हरची मांडणी चुकली असेल तर आपल्या डोमेनच्या (पत्त्यातील ‘@’ नंतरच्या नावाच्या) नोंदी दहा वेळा बदलूनही काही साधणार नाही. म्हणून पुढील पद्धतीत उपाय शेवटी येतो आणि वाचन आधी येते.

आधी समजून घ्यायचे: दोन सर्व्हरमधील संभाषण

मेल पाठवण्याचे नियम एसएमटीपी या नावाने ओळखले जातात. ते १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आज वापरात असलेली त्यांची आवृत्ती २००८ ची आहे. आपण ‘सेंड’ दाबल्यावर मेल थेट गिऱ्हाइकाच्या पेटीत जात नाही. तो आधी आपल्या मेल सेवेच्या सर्व्हरकडे जातो, आणि तो सर्व्हर समोरच्या सर्व्हरशी जोडणी करून ठरावीक क्रमाने बोलतो: प्रथम स्वतःची ओळख सांगतो, मग पाठवणाऱ्याचा पत्ता, मग घेणाऱ्याचा पत्ता आणि सर्वांत शेवटी मजकूर व जोडलेल्या फाइल देतो. यातील प्रत्येक पायरीवर समोरचा सर्व्हर तीन आकडी उत्तर देतो आणि कोणत्याही पायरीवर ‘नाही’ म्हणू शकतो.

नकार जितका आधी येतो तितका त्याचा मजकुराशी संबंध कमी असतो. जोडणी होताक्षणी नकार आला तर समोरच्याने आपल्या सर्व्हरचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील आकडी पत्ता) पाहूनच दार लावलेले असते; त्याने ना विषय वाचला, ना फाइल उघडली. घेणाऱ्याच्या पत्त्यानंतरचा नकार बहुधा त्या पत्त्याविषयी असतो, परंतु ‘बहुधा’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण अनेक सर्व्हर काळ्या यादीतील (स्पॅमसारख्या कारणाने अडवायच्या) आयपी पत्त्यांनाही याच टप्प्यापर्यंत येऊ देतात आणि मग नाकारतात. संपूर्ण मजकूर घेतल्यानंतर नकार आला तर मजकूर, त्यातील दुवे, फाइल किंवा पाठवणाऱ्याची ओळखपडताळणी यांवर संशय आलेला असतो.

आणखी एक गोष्ट येथेच लक्षात ठेवावी. मेलला पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात. एक सर्व्हरांनी आपसांत सांगितलेला, लिफाफ्यावरचा पत्ता; दुसरा वाचणाऱ्याला ‘फ्रॉम’ म्हणून दिसणारा. हे दोन्ही एकच असतील असे नाही, आणि पुढे येणाऱ्या बऱ्याच नकारांचे मूळ या तफावतीत आहे.

पहिली पायरी: निरोप खालून वर वाचणे

बाउन्सच्या वरच्या भागात मेल सेवेने स्वतःच्या शब्दांत सौम्य भाषेत काहीतरी लिहिलेले असते: मेल पोचला नाही, पत्ता तपासा, नंतर प्रयत्न करा. हा भाग सोडून द्यावा. खाली गेल्यावर एक रूक्ष तांत्रिक भाग सापडतो आणि खरी माहिती तेथे असते. जीमेलमध्ये तो ‘द रिस्पॉन्स वॉज’ या शब्दांनंतर येतो. अन्यत्र त्यात ‘रिपोर्टिंग-एमटीए’, ‘रिमोट-एमटीए’ (एमटीए म्हणजे मेल पोचवणारा सर्व्हर), ‘ॲक्शन’, ‘स्टेटस’ आणि ‘डायग्नॉस्टिक-कोड’ अशा ओळी असतात.

एक नमुना जवळून पाहू. वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखानदाराने स्वतःच्या डोमेनवरून पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याच्या जीमेल पत्त्यावर बिल पाठवले आणि ते परत आले. निरोपातील ‘रिपोर्टिंग-एमटीए’ या ओळीत होस्टिंग कंपनीच्या (संकेतस्थळ व मेलसाठी सर्व्हरवर जागा देणाऱ्या कंपनीच्या) सर्व्हरचे नाव आहे. म्हणजे निरोप लिहिणारा सर्व्हर आपल्या बाजूचा आहे. ‘रिमोट-एमटीए’ या ओळीत गूगलच्या सर्व्हरचे नाव आहे. म्हणजे नाही म्हणणारा तो आहे. ‘ॲक्शन’ पुढे ‘फेल्ड’ आहे, ‘डिलेड’ नाही. म्हणजे सर्व्हरने प्रयत्न सोडून दिलेले आहेत. ‘स्टेटस’ ५.७.२६ आहे. ‘डायग्नॉस्टिक-कोड’ मध्ये ५५० हा आकडा, पाठवणाऱ्याची ओळख पटत नसल्यामुळे मेल अडवल्याचे वाक्य, आणि त्याखाली डीकेआयएम उत्तीर्ण नाही, एसपीएफही अमुक आयपी पत्त्यासाठी उत्तीर्ण नाही, असा तपशील आहे (या दोन ओळखपडताळण्यांचा खुलासा चौथ्या पायरीत येतो). एवढ्या पाच ओळींत सगळे आले. व्यापाऱ्याचा पत्ता बरोबर आहे, त्याची पेटी भरलेली नाही, बिलाच्या पीडीएफचा दोष नाही. डोमेनच्या नोंदींत ज्या सर्व्हरला परवानगी आहे तो आणि प्रत्यक्ष मेल पाठवणारा सर्व्हर वेगळे आहेत. संकेतस्थळ एका होस्टिंगवरून दुसरीकडे हलवले आणि मेलच्या नोंदी जुन्याच राहिल्या की नेमके असे घडते.

‘रिमोट-एमटीए’ ही ओळच नसेल, किंवा तेथे आपल्याच सेवेचे नाव असेल, तर मेल आपल्या घरातूनच बाहेर पडलेला नाही असे समजावे. दिवसाची मर्यादा ओलांडणे, खाते तात्पुरते गोठवले जाणे, लॉगिन नाकारले जाणे हे सारे प्रकार येथे मोडतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ वरील खात्याला ५.१.८ हा आकडा आला तर त्या खात्यातून संशयास्पद मेल गेल्यामुळे मायक्रोसॉफ्टने त्याचे बाहेर पाठवणे बंद केलेले असते. अशा वेळी पासवर्ड बदलणे आणि पेटीतील फॉरवर्डिंगचे नियम तपासणे हे पहिले काम, आणि बंदी उठवण्याची विनंती हे दुसरे.

दुसरी पायरी: आकड्यांचा अर्थ लावणे

तीन आकडी संकेताचा पहिला आकडा ४ असेल तर नकार तात्पुरता आणि ५ असेल तर कायमचा. ४ असताना आपण काहीही करायचे नसते, कारण आपला सर्व्हर मेल रांगेत ठेवून स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो आणि साधारण चार-पाच दिवसांनीच हार मानतो. या काळात ‘डिलेड’ असा निरोप आला तरी मेल अजून वाटेत आहे. दुसरी प्रत पाठवली तर गिऱ्हाइकाला एकच बिल दोनदा मिळते.

४५१ किंवा ४५० च्या जोडीला ‘ग्रेलिस्टेड’ हा शब्द दिसला तर मुळीच घाबरू नये. अनोळखी सर्व्हरकडून आलेला पहिला मेल मुद्दाम काही मिनिटांसाठी परतवायचा आणि तो पुन्हा आला तरच घ्यायचा, ही युक्ती २००३ मध्ये पुढे आली. स्पॅम पाठवणारे प्रोग्राम सहसा दुसऱ्यांदा येत नाहीत आणि नीट चालणारा सर्व्हर येतोच, या हिशेबावर ती चालते.

ठिपक्यांनी तोडलेल्या दुसऱ्या संकेतात मधला आकडा विषय सांगतो: १ म्हणजे पत्ता, २ म्हणजे पेटी, ३ म्हणजे समोरची यंत्रणा, ४ म्हणजे जाळे व मार्ग, ५ म्हणजे संभाषणाचे नियम, ६ म्हणजे मजकुराचे स्वरूप, आणि ७ म्हणजे सुरक्षा व धोरण. वर्षभरात पुढ्यात येणाऱ्या अवघड प्रकरणांपैकी बहुतेक ७ चीच असतात, म्हणून बाकीची येथे लवकर उरकतो.

५.१.१ म्हणजे असा पत्ता त्या सर्व्हरवर नाही. टंकनाची चूक पाहावी, आणि पत्ता जुना असेल तर तो यादीतून काढून टाकावा. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्यास गूगलने डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली आहे. त्यामुळे जुन्या आंबा-गिऱ्हाइकांच्या यादीत असे पत्ते निघणे स्वाभाविक आहे. ५.२.२ म्हणजे पेटी भरली. जीमेलची फुकट मिळणारी १५ जीबी जागा फोटो आणि ड्राइव्ह यांच्यासह मोजली जाते, म्हणून मेल कमी असूनही पेटी भरलेली असू शकते, आणि ती रिकामी करणे घेणाऱ्याच्याच हातात आहे. ५.३.४ म्हणजे मेल फार मोठा. जीमेलची मर्यादा २५ एमबी असली तरी जोडलेली फाइल पाठवताना अक्षरांत रूपांतरित होते आणि सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून मर्यादेपेक्षा थोडी लहान फाइलही अडू शकते. खोल्यांचे फोटो दुव्याने पाठवावेत. ५५२ बरोबर ५.७.० आले तर जोडलेल्या फाइलचा प्रकार जीमेलला धोकादायक वाटला आहे.

बिलाच्या सॉफ्टवेअरमधून जीमेलमार्फत मेल पाठवताना ५३५ हा आकडा आला तर तो लॉगिनचा नकार आहे, पासवर्ड बरोबर असला तरीही. नुसत्या पासवर्डवर चालणारी जुनी पद्धत गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद केली. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावून ‘ॲप पासवर्ड’ तयार करावा आणि तो सॉफ्टवेअरमध्ये भरावा.

तिसरी पायरी: काळ्या यादीचा नकार सोडवणे

नकाराच्या मजकुरात ‘ब्लॉक्ड’, ‘लिस्टेड’ असा शब्द, एक आयपी पत्ता आणि स्पॅमहॉससारखे यादी चालवणाऱ्या संस्थेचे नाव दिसले तर प्रकरण काळ्या यादीचे आहे. या याद्या डीएनएसच्याच (इंटरनेटवरील नावे व पत्ते यांच्या सार्वजनिक नोंदवहीच्या) मार्गाने चालतात. समजा जोडणी १९२.०.२.४५ या पत्त्यावरून आली, तर समोरचा सर्व्हर तो उलटा करून, ४५.२.०.१९२ असा लिहून, त्याला यादीचे नाव जोडतो आणि डीएनएसमध्ये शोधतो. उत्तर आले तर नोंद आहे, नाही आले तर नाही. कोणत्या प्रकारची नोंद हे उत्तराच्या आकड्यावरून कळते, आणि तोच फरक आपल्या उपयोगाचा आहे.

१९९८ मध्ये सुरू झालेल्या स्पॅमहॉसच्या याद्या सर्वाधिक वापरल्या जातात. त्यांतील एसबीएल ही स्पॅम पाठवणाऱ्यांची यादी आहे आणि एक्सबीएल ही विषाणू लागलेल्या किंवा बाहेरच्यांनी ताब्यात घेतलेल्या यंत्रांची. पीबीएल मात्र आरोपाची यादी नव्हेच. घरगुती ब्रॉडबँड आणि मोबाइल इंटरनेटचे जे पत्ते बाहेरच्या सर्व्हरशी थेट मेलचे बोलणे करू नयेत अशा स्वरूपाचे आहेत, त्यांची ती नोंद आहे. दुकानातील राउटरला मिळालेला पत्ता पीबीएलमध्ये सापडला म्हणून धास्तावून नाव काढण्याचा अर्ज करत बसू नये. प्रश्न असा विचारावा: माझा मेल मेल सेवेच्या सर्व्हरमार्फत का गेला नाही? बिलाचे सॉफ्टवेअर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर किंवा स्कॅनर २५ क्रमांकाच्या पोर्टवरून (सर्व्हरच्या क्रमांकित दारावरून) थेट पाठवायचा प्रयत्न करत असेल, तर त्याला मेल सेवेचा सर्व्हर, ५८७ किंवा ४६५ क्रमांकाचे पोर्ट आणि लॉगिन द्यावे. पीबीएलचा प्रश्न तेथेच संपतो. लॉगिन करूनही पीबीएलचा नकार येत असेल तर आपल्या मेल सेवेने यादीची तपासणी लॉगिनच्या आधीच लावली आहे, आणि ही त्यांची चूक त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावी.

एक्सबीएलच्या नोंदीत कोकणातल्या ग्राहकाला एक अडचण हमखास येते. मोबाइल नेटवर्कवर एकच सार्वजनिक पत्ता शेकडो ग्राहकांत वाटलेला असतो, आणि फायबर पोचलेली नाही अशा वाड्यांत दुकानाचे इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉटच असतो. त्या पत्त्यामागच्या कुणाच्याही संगणकात विषाणू असला तरी नोंद सर्वांच्या माथी बसते. स्वतःचे संगणक तपासावेतच, परंतु उपाय तोच: मेल सेवेमार्फत पाठवावा, म्हणजे समोरच्याला आपला नव्हे तर सेवेच्या सर्व्हरचा पत्ता दिसतो.

नोंद सेवेच्याच सर्व्हरची असेल तर मामला वेगळा. स्वस्त सामायिक होस्टिंगवर अनेक संकेतस्थळांचे मेल एकाच पत्त्यावरून बाहेर पडतात, आणि त्यांतील एखाद्याचे वर्डप्रेस हॅक झाले की साऱ्यांचेच मेल अडतात. नाव काढण्याचा अर्ज होस्टिंग कंपनीने करायचा असतो. आपण बाउन्सची संपूर्ण प्रत देऊन पाठपुरावा करावा. दर महिन्या-दोन महिन्यांनी हेच होऊ लागले तर मेल त्या होस्टिंगवरून काढून स्वतंत्र मेल सेवेकडे नेणे स्वस्त पडते, असे माझे मत आहे. संकेतस्थळ जागेवर ठेवून फक्त मेल हलवता येतो. आउटलुक किंवा हॉटमेलच्या नकारात ‘एस३१४०’ किंवा ‘एस३१५०’ असा संकेत दिसला तर ती मायक्रोसॉफ्टची स्वतःची यादी आहे आणि ती बाहेरच्या तपासणी स्थळांवर दिसत नाही.

नाव काढण्याआधी कारण दूर करावे, नाहीतर नोंद परत होते आणि दुसऱ्यांदा अर्ज करणे अधिक कठीण जाते. स्पॅमहॉस नाव काढण्याचे पैसे घेत नाही. शंभर याद्या एकदम तपासून देणाऱ्या संकेतस्थळांवर एखाद्या अनोळखी यादीत लाल खूण दिसली तर तिच्याकडे दुर्लक्ष करावे. बाउन्समध्ये जिचे नाव आहे तीच यादी आपल्यासाठी खरी.

याच प्रकारातील सर्वांत चक्रावून टाकणारा नकार असा असतो: बाउन्समध्ये स्पॅमहॉसचे नाव आहे, पण स्पॅमहॉसच्या स्थळावर पाहिले तर आपला पत्ता स्वच्छ. अशा वेळी मजकुरात १२७.२५५.२५५.२५४ हा आकडा किंवा ‘ओपन रिझॉल्व्हर’ हे शब्द शोधावेत. गूगल किंवा क्लाउडफ्लेअरच्या सार्वजनिक डीएनएसमार्फत आलेल्या प्रश्नांना स्पॅमहॉस फुकट उत्तरे देत नाही. त्याऐवजी प्रश्न चुकीच्या मार्गाने आल्याचा हा संकेत पाठवते. समोरच्या सर्व्हरच्या व्यवस्थापकाने ‘कोणतेही उत्तर म्हणजे नोंद’ असे गृहीत धरले असेल तर त्याचा सर्व्हर जगातल्या जवळपास प्रत्येकाला नाकारू लागतो. दोष सर्वस्वी त्या बाजूचा असतो. असे काही नवे नाही: ओआरडीबी नावाची यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली, तरी कित्येक सर्व्हर तिला विचारतच राहिले, आणि मार्च २००८ मध्ये ती प्रत्येक पत्त्याला ‘नोंद आहे’ असे उत्तर देऊ लागल्यावर त्यांचे येणारे मेल एकाएकी थांबले.

चौथी पायरी: डोमेनची ओळख पक्की करणे

५.७.२६, ५.७.२३, ५.७.५१५ हे आकडे, किंवा नकारात एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांपैकी एखादे नाव आले तर डोमेनच्या डीएनएस नोंदी पाहाव्या लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी प्रत्येक पाठवणाऱ्याला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक आवश्यक केले, आणि जीमेल पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही. मायक्रोसॉफ्टने आउटलुक व हॉटमेलसाठी मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांना असाच नियम मे २०२५ पासून लावला, ५.७.५१५ हा त्याचाच नकार आहे. अनेक वर्षे विनातक्रार चाललेले डोमेन अचानक अडू लागल्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

एसपीएफची नोंद म्हणजे या डोमेनच्या वतीने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी. ती लिफाफ्यावरच्या पत्त्याशी ताडून पाहिली जाते. ज्या कंपनीकडून डोमेन घेतले तिच्या पॅनेलमध्ये डीएनएस विभागात ‘व्ही=एसपीएफ१’ ने सुरू होणारी टीएक्सटी (साध्या मजकुराची) नोंद शोधावी. ती एकच असली पाहिजे. संकेतस्थळ बनवणाऱ्याने एक टाकलेली, नंतर मेल सेवा घेताना आपण दुसरी टाकलेली, अशा दोन नोंदी असल्या की दोन्ही निरर्थक ठरतात. दोन्हींतील सर्व्हर एकाच नोंदीत एकत्र करावेत. ही नोंद तपासताना होणाऱ्या डीएनएस शोधांची मर्यादा १० आहे, म्हणून सोडून दिलेल्या सेवांची नावे काढून टाकावीत.

डीकेआयएममध्ये पाठवणारा सर्व्हर प्रत्येक मेलवर एक गणिती सही करतो आणि ती तपासण्याची किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. मेल सेवेच्या पॅनेलमध्ये किल्ली तयार करावी, तिथे दिलेली नोंद जशीच्या तशी डीएनएसमध्ये भरावी, आणि मग सेवेच्या पॅनेलमध्ये परत जाऊन सही सुरू करण्याचे बटण दाबावे. हे शेवटचे बटण विसरल्यामुळे नोंद असूनही सही होत नाही.

डीमार्क या दोन्हींना ‘फ्रॉम’मध्ये दिसणाऱ्या डोमेनशी जोडतो. एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी किमान एक त्याच डोमेनसाठी उत्तीर्ण झाले पाहिजे, नाहीतर काय करावे हे डोमेनचा मालक सांगतो: ‘नन’, ‘क्वारंटाइन’ किंवा ‘रिजेक्ट’. सुरुवात ‘नन’ने करावी, अहवाल येऊ द्यावेत, आणि बिलाचे सॉफ्टवेअर, आरक्षणाचे स्थळ, संकेतस्थळाचा फॉर्म असे आपले सगळे पाठवणारे अहवालात उत्तीर्ण दिसू लागल्यावरच पुढे जावे. घाईने ‘रिजेक्ट’ लावणारा पहिल्यांदा स्वतःचेच मेल अडवतो.

होम-स्टेच्या संकेतस्थळावरील चौकशीचा फॉर्म हे या तफावतीचे नेहमीचे उदाहरण आहे. पाहुण्याने स्वतःचा याहू पत्ता भरला आणि फॉर्मने तोच ‘फ्रॉम’ म्हणून वापरून मेल पाठवला, तर पाठवणारा सर्व्हर याहूचा नसल्यामुळे नकार येणारच. याहूने एप्रिल २०१४ पासून ‘रिजेक्ट’ लावलेले आहे. पाहुण्याची चौकशी मालकापर्यंत कधीच पोचत नाही आणि पाहुणा मात्र उत्तराची वाट पाहत राहतो. फॉर्ममध्ये ‘फ्रॉम’ला आपल्या डोमेनचा पत्ता आणि ‘रिप्लाय-टू’ला पाहुण्याचा पत्ता द्यावा.

नोंदी बदलल्यावर जुन्या नोंदी काही काळ डीएनएसच्या स्मरणात राहतात. टीटीएल (नोंद किती सेकंद स्मरणात ठेवायची तो आकडा) ३६०० असेल तर एक तास थांबावे. मग स्वतःच्या जीमेल पत्त्यावर एक मेल पाठवून, तो संगणकावर उघडून, तीन ठिपक्यांच्या यादीतून ‘शो ओरिजिनल’ निवडावे. वरच्या चौकटीत एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांच्यापुढे ‘पास’ दिसले पाहिजे. हीच चाचणी बिलाच्या सॉफ्टवेअरमधून आणि संकेतस्थळाच्या फॉर्ममधून वेगवेगळी करावी, कारण त्यांचे सर्व्हर वेगळे असू शकतात.

स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या संस्थांनी ५.७.२५ या आकड्यावर उलट डीएनएसची नोंद पाहावी: आयपी पत्त्यावरून नाव आणि त्या नावावरून परत तोच पत्ता मिळाला पाहिजे. ही नोंद डोमेनच्या पॅनेलमध्ये नसते. ती इंटरनेट पुरवणाऱ्या किंवा सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून करून घ्यावी लागते.

नियमात न बसणारे तीन प्रकार

आपण पाठवलाच नाही अशा मेलचे बाउन्स येऊ लागले तर कुणीतरी आपला पत्ता ‘पाठवणारा’ म्हणून खोटा लावला आहे. बाउन्सच्या खाली मूळ मेलचा मथळा (हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाची नोंद) जोडलेला असतो. त्यातील ‘रिसीव्ड’ ओळींत आपल्या सर्व्हरचे नाव नसेल तर खाते सुरक्षित आहे, आणि असेल तर ताबडतोब पासवर्ड बदलावा.

दुसरा प्रकार फॉरवर्डचा. गिऱ्हाइकाने कार्यालयाचा पत्ता दिला, त्याने तेथून सारे मेल स्वतःच्या जीमेलवर वळवले आहेत, आणि बाउन्समध्ये आपण कधी न लिहिलेला जीमेल पत्ता दिसतो. मेल वळवणाऱ्या सर्व्हरचे नाव आपल्या एसपीएफमध्ये नसते आणि असूही नये. डीकेआयएमची सही मात्र, मजकूर बदलला नाही तर, फॉरवर्डमध्ये टिकते. म्हणून नुसत्या एसपीएफवर न थांबता डीकेआयएम चालू करावे.

तिसरा प्रकार हंगामी दरपत्रकाचा, आणि येथे थोडे कठोर बोलावे लागेल. फुकटच्या जीमेल खात्यातून २४ तासांत ५०० च्या आसपास पत्त्यांनाच मेल जातो, आणि ती मर्यादा ओलांडली की खात्याचे पाठवणे एक दिवसापर्यंत बंद होते. म्हणजे होम-स्टेच्या पाहुण्याला द्यायचे उत्तरही अडकते. त्याहून मोठा प्रश्न तक्रारींचा. गूगलच्या नियमाप्रमाणे स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यापर्यंत कधीच पोचू नये. एक हजार मेलमागे तिघांनी ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबले की आपण त्या रेषेवर. वर्षातून एकदाच, तेही आंब्याच्या हंगामात, मेल येत असेल तर घेणाऱ्याला आपण आठवतही नाही आणि तो बटण दाबून मोकळा होतो. म्हणून आंब्याच्या पेटीच्या पावतीवर किंवा फोनवर स्पष्ट होकार दिलेल्यांनाच यादीत ठेवावे, विषयात बागेचे नाव लिहावे, यादीतून नाव काढण्याचा दुवा द्यावा, आणि ५.१.१ आलेला पत्ता त्याच दिवशी वगळावा. हे मेल सामूहिक मेलसाठी असलेल्या सेवेतून आणि शक्यतो डोमेनच्या वेगळ्या उपनामावरून (सबडोमेनवरून) पाठवावेत, म्हणजे दरपत्रकावरील रागाचा फटका बिलांना बसत नाही. कोणाकडून तरी विकत घेतलेली पत्त्यांची यादी वापरणाऱ्याला या लेखातील कोणतीच पायरी वाचवू शकणार नाही.

पाचवी पायरी: समोरच्या व्यवस्थापकाला लिहिणे

आपल्या बाजूचे सारे उत्तीर्ण आहे आणि तरीही एखादी विशिष्ट कंपनी किंवा कार्यालय ५.७.१ देऊन नाकारत आहे, असे दिसले की पत्रव्यवहाराची वेळ येते. एसएमटीपीच्या नियमानुसार मेल स्वीकारणाऱ्या प्रत्येक डोमेनला ‘पोस्टमास्टर’ हा पत्ता चालू ठेवावा लागतो. परंतु अडवलेल्या खात्यातून लिहिले तर तेही पत्र अडेल, म्हणून दुसऱ्या सेवेच्या खात्यातून लिहावे. तेथून उत्तर न आल्यास ज्या व्यक्तीला मूळ मेल पाठवायचा होता तिला फोन करून, तिच्या आयटी विभागाकडे विनंती पुढे न्यायला सांगावे. बाहेरच्या विक्रेत्याची तक्रार आयटी विभाग बाजूला ठेवील, पण स्वतःच्या खरेदी अधिकाऱ्याची ठेवणार नाही.

पत्रात ‘आमचे मेल येत नाहीत’ एवढेच लिहिले तर कुणालाही काही शोधता येत नाही. पाठवणारा व घेणारा पत्ता, भारतीय प्रमाणवेळ असा उल्लेख करून दिलेली तारीख व मिनिटापर्यंतची वेळ, आपल्या बाहेर जाणाऱ्या सर्व्हरचा आयपी पत्ता, आणि ‘डायग्नॉस्टिक-कोड’ची ओळ तिच्या शेवटी असलेल्या अक्षर-आकड्यांच्या लांबलचक खुणेसह द्यावी, कारण त्या खुणेवरूनच व्यवस्थापक आपल्या नोंदवहीत तो नकार शोधतो. बाउन्सचा स्क्रीनशॉट पाठवू नये. मजकूर नकलून द्यावा, नाहीतर खूण हाताने टंकावी लागते आणि चुकते. त्याच पत्रात एसपीएफ व डीकेआयएम उत्तीर्ण असल्याचे लिहावे, आणि नकार कोणत्या नियमामुळे आला ते कळवावे अशी नेमकी मागणी करावी. सर्व्हरच्या नोंदवह्या कायम ठेवल्या जात नाहीत, त्यामुळे पत्र बाउन्स आल्याच्या एक-दोन दिवसांतच जावे. आठवडे उलटून गेले असतील तर आधी एक नवा मेल पाठवून ताजा नकार मिळवावा आणि पत्रात त्याचाच तपशील द्यावा.